सेकंडहॅण्ड गाडी आवडलीय पण एसी धड नाही, मालक म्हणतात "फक्त गॅस संपलाय". घ्यावी का?

भांडुपची_लेक

नमस्कार, गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही म्हणून इथे विचारतेय, जरा समजून सांगा. बाबांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा भांडुपहून परळला न्यावं लागतं. आत्तापर्यंत टॅक्सी बुक करून जात होतो पण पहाटे साडेपाचला गाडी मिळेलच याची खात्री नसते, आणि परत येताना बाबा इतके गळून गेलेले असतात की उन्हात वीस मिनिटं उभं राहणं त्यांना जमतच नाही. म्हणून स्वतःची छोटी सेकंडहॅण्ड गाडी घ्यायची ठरवलं. मी चालवते, हात साफ आहे.

बजेट पावणेतीन लाख, अगदीच ओढूनताणून तीन. ठाण्यात एक बघितली, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पहिलाच मालक, ५८ हजार किमी, एमएच-०४ पासिंग. इंजिन शांत, गिअर अलगद पडतात, सीट बिट स्वच्छ. २ लाख ७० सांगतायत. अडचण एसीची. चालत्या गाडीत जेमतेम गार हवा येते, आणि सिग्नलला थांबलं की दोन-तीन मिनिटांत नुसती गरम. शिवाय बॉनेटच्या आतून दर सात-आठ सेकंदांनी टक... टक... असा आवाज येत राहतो. मालक साठीचे काका आहेत, बोलायला चांगले आहेत, ते म्हणाले, "अगं काही नाही, गॅस संपलाय, दीड-दोन हजारात भरून मिळतो, मी फार वापरत नाही म्हणून भरला नाही."

खरंच एवढंच असतं का? माझा भाऊ म्हणतो एवढ्याशा कारणासाठी चांगली गाडी सोडू नकोस, नाहीतर खिडक्या उघडून चालव. पण डायलिसिसनंतर बाबांचं बीपी खाली जातं, घाम फुटतो, आणि एलबीएस रोडची धूळ वेगळीच. शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय, काकांकडे दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतात.

घोडबंदर_रोजचा

ताई आधी एक काम करा, शनिवार डोक्यातून काढून टाका. दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक सेकंडहॅण्ड गाडीला असतंच.

दुसरं म्हणजे एसीचा गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती पूर्ण बंद सिस्टीम असते, तोच गॅस आत गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर पडून तो पातळ होतो, मग डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची परत वाफ होते आणि तेव्हा तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. सात-आठ वर्षांत रबरी पाइपांतून, सीलमधून थोडाफार जातो हे खरं, पण गाडी जवळपास गरम हवा मारायला लागली म्हणजे गॅस कुठूनतरी नक्की बाहेर पडतोय. दीड हजाराचा गॅस भराल, तो त्याच भोकातून जाईल. आज भरला तर उद्या गार, पुढच्या महिन्यात परत रामा शिवा गोविंदा.

तुम्ही जे टक टक सांगताय तो कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच, म्हणजे कॉम्प्रेसर इंजिनला जोडणारा-सोडणारा भाग, असावा. गॅस कमी असला की प्रेशर पडतं, स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, प्रेशर परत वर येतं, परत चालू. पण चालताना बरी हवा आणि थांबल्यावर गरम, हे मला वेगळं वाटतंय. ते इथल्या कामवाल्यांपैकी कोणी सांगेल तर बरं.

कूलिंगवाला_चेंबूर

मी बावीस वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतोय ताई, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मोबाइलवर टाइप करतोय चुका सांभाळून घ्या.

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. चालताना गार आणि उभी राहिली की गरम, हे ऐकलं की माझा हात पहिला कंडेन्सरच्या पंख्याकडे जातो. गाडी पळत असताना समोरून वारा लागतो आणि कंडेन्सर गार होतो. सिग्नलला वारा नाही, तिथे पंख्यानेच हवा ओढायची असते. पंखा बंद असेल तर गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडच्या बाजूचं, प्रेशर भडकतं आणि आत गरम हवा. हे तुम्ही स्वतः बघू शकता, मेकॅनिक लागत नाही. गाडी चालू, एसी चालू, ब्लोअर फुल, बॉनेट उघडा आणि बाजूला उभं राहून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांना दोन पंखे असतात, एक रेडिएटरचा, एक एसीचा. एसी लावल्यावर थोड्या वेळात पंखा फिरलाच पाहिजे. हात आत घालू नका, ओढणी, केस सांभाळा, पंखा न सांगता सुरू होतो.

आता गॅसचं. तुमच्या गाडीत आर-१३४ए नावाचा गॅस असणार. बंद गाडीत, इंजिन थंड असताना दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं दाखवतं आणि ते हवेच्या तापमानावर असतं, ३० डिग्रीला साधारण ९५-१०० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक). पण त्याने फक्त एवढंच कळतं की आत थोडा का होईना गॅस आहे, किती आहे ते कळत नाही. बरेच जण इथेच फसतात. खरं काय ते गाडी चालू करून दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज एकदम बघितल्यावर कळतं. आपल्या मुंबईच्या हवेत लो साइड (कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परत येणारी बाजू) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० च्या आसपास असेल तर मी खूश असतो. दोन्ही पडलेले म्हणजे गॅस कमी. दोन्ही चढलेले म्हणजे पंखा नाही, नाहीतर कंडेन्सर मातीने बुजलाय, नाहीतर कोणीतरी अंदाजाने गॅस जास्त कोंबलाय. लो चढलेला आणि हाय पडलेला, म्हणजे कॉम्प्रेसर आतून गेला, तिथे हात जोडून परत या.

लीक कुठे आहे ते महत्त्वाचं आहे कारण पैसे त्यावर ठरतात. पाइपच्या जोडाचा ओ-रिंग (रबरी कडी) असेल तर किरकोळ काम. कंडेन्सर पुढेच असतो, बंपर काढून दीड-दोन तासांत बदलतो. पण कूलिंग कॉइल लीक असेल तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दिवसभराचं काम, आणि डॅशबोर्ड एकदा उतरला की नंतर खडखड आवाज राहायची भीती असते. कॉम्प्रेसर सगळ्यात महाग.

बघायला जाल तेव्हा बॅटरीवर चालणारा साधा थर्मामीटर घेऊन जा, डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत खोचा. चांगला एसी चालत्या गाडीत ६ ते १० डिग्री देतो. आणि पंधरा-वीस मिनिटं एसी चालवून झाल्यावर गाडीखाली वाका, पुढच्या डाव्या सीटच्या आसपास पाणी टपकायला हवं. आपल्याकडे हवेत एवढा दमटपणा आहे की कॉइल गार झाली तर पाणी येणारच. पाणी खाली येत नाही आणि डावीकडचं कार्पेट ओलं लागतंय, तर ड्रेनची नळी तुंबलेली असते.

आणि अजून एक, काका चांगले असतील, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही, पण पुष्कळ लोक गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी गॅस भरून ठेवतात. आठ दिवस बर्फासारखी गार. तुमच्याकडे निदान गाडी खरं बोलतेय.

नेरूळ_सेक्टर_वीस

मी नेमकं हेच केलं होतं दोन वर्षांपूर्वी, म्हणून लिहितोय, दुसऱ्या कोणाचं होऊ नये. "फक्त गॅस" ऐकून डिझेल सेडान घेतली, मालकाशी एसीवरून चार हजार कमी करून घेतले आणि मीच हुशार असं वाटलं. पहिला गॅस भरला, तीन आठवडे. दुसऱ्यांदा भरला, गॅरेजवाल्याने लीक बंद करायची बाटली पण मारली आत. सायन-पनवेलवर एक दिवस मानखुर्दच्या पुढे कर्र्र असा आवाज आला, कॉम्प्रेसर जाम. गॅसबरोबर थोडं थोडं तेल पण बाहेर गेलं होतं आणि कॉम्प्रेसर बिनतेलाचा फिरत होता, हे मला नंतर कळलं. कॉम्प्रेसर आतून खरवडला की त्याचा धातूचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, मग ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) बदला, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणारा गॅस आवरणारा) बदला, कंडेन्सर बदला कारण त्याच्या त्या बारीक नळ्यांतून चुरा धुऊन निघतच नाही. माझं बिल एकोणतीस हजार झालं, ते पण कॉम्प्रेसर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना शोधून. नवीन घेतला असता तर चाळीसच्या वर.

त्यात सहा महिने आई माझ्या गाडीत बसायला तयार नव्हती. पैसे गेले त्याच्यापेक्षा ते जास्त लागलं मला. ताई, तुमच्याकडे तर बाबा पेशंट आहेत. गॅस भरायच्या आधी तो कुठे जातोय ते बघा, माझी कळकळीची विनंती आहे.

भांडुपची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणी समजावलंच नव्हतं. कूलिंगवाला दादा, पंखा बघायला उद्या ऑफिसनंतर जाते. पण गेज वगैरे लावायला गाडी मेकॅनिककडे न्यावी लागेल ना, काका गाडी देतील का? कोणत्या तोंडाने मागू? आणि भाऊ अजून खिडकीवरच अडलाय.

दादर_हिंदू_कॉलनी

भावाला सांगा की जुलैमध्ये किंग्ज सर्कलला अडकून बघ. बाहेर धो धो पाऊस, खिडकी उघडली तर सीट भिजते, बंद केली तर दोन मिनिटांत समोरची काच आतून धुरकट. फडक्याने पुसून चालवणारे बघितलेत मी, अर्धं लक्ष रस्त्यावर. एसीची कॉइल हवेतलं पाणी काढून घेते आणि कोरडी हवा काचेवर मारते म्हणून काच साफ होते. मुंबईत चार महिने एसी ही समोरचा रस्ता दिसण्यासाठी लागणारी गोष्ट आहे, पहाटे साडेपाचच्या अंधारात तर जास्तच.

आणि ठाण्याची असो की कुठली, पुराचं पाणी बघून घ्या. २९ ऑगस्ट २०१७ ला किती गाड्या बुडाल्या होत्या, २ जुलै २०१९ ला परत. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या पट्ट्यांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, सगळं चाचपा. ब्लोअर आणि कॉइल खालच्या बाजूला असतात, पाणी आत गेलं असेल तर एसीचे वांदे कायमचे.

कूलिंगवाला_चेंबूर

ताई सरळ मागा. "काका गाडी मला आवडलीय, घ्यायचीच आहे, तासभर एसीवाल्याला दाखवू द्या, तुम्ही पण बरोबर चला, चेकिंगचे पैसे मी देते." ज्याला खरंच विकायचीय तो येतो. जो येत नाही त्याची गाडी तुम्हाला नको.

मेकॅनिकला एक सांगा, गॅस टाकून बघू नका, आधी लीक शोधा. थोडा उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा १४३० पट जास्त गरमी धरतो, आमच्या धंद्यात बरेच जण फुस्सकन सोडून देतात, मला ते पटत नाही. मग नायट्रोजन भरून प्रेशर द्यायचं आणि साबणाच्या पाण्याचा फेस जॉइंट जॉइंटला लावायचा. जिथे बुडबुडे तिथे लीक. त्याआधी नुसत्या डोळ्यांनी पण बघा, गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसून काळपट चिकट डाग पडतो. कॉइलसाठी ड्रेनच्या नळीशी गॅस ओळखणारा डिटेक्टर धरतात, पण ते गॅस काढायच्या आधी करायचं. आणि शेवटचं, कॉम्प्रेसरकडच्या पाइपचं तोंड सोडून तेल बोटावर घ्यायला सांगा. स्वच्छ असेल तर ठीक. करडं, चमचमणारं असेल तर तिथून निघा, नेरूळच्या दादांचं झालं तेच होईल.

वाशीनाका_एजंट_नाही

एसीचं झालं, आता कागदांचं पण लिहितो, इथे लोक गडबडीत चुकतात. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दोन्हीवर काकांची सही समोर घ्या. ई-चलान बाकी आहेत का ते नंबर टाकून ऑनलाइन दिसतं, ते त्यांच्याकडून भरून घ्या, दहा-बारा हजारांची निघालेली बघितलीत. गाडी २०१९ च्या आधीची आहे म्हणजे नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलीय का ते पण बघा. इन्शुरन्स गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्यायचा, आणि काकांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचा त्यांच्याकडे राहतो, त्यामुळे प्रीमियम थोडा चढेल तो आत्ताच हिशोबात धरा. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या. खाजगी माणसाकडून घेताय, दुकानदार नाही, नंतर ग्राहक आयोगात जाता येणार नाही. जे काय बघायचं ते पैसे देण्याआधीच.

भांडुपची_लेक

रविवारी रात्री लिहितेय. शनिवारी टोकन दिलं नाही. शुक्रवारी काकांना घोडबंदरच्या दादांनी सांगितलं तसं स्पष्ट म्हटलं की घाई करणार नाही, आणि चेंबूरच्या दादांची वाक्यं जशीच्या तशी बोलले. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले चल, मलाही कळू दे काय झालंय ते. स्वतः गाडी चालवत मुलुंडच्या एसीवाल्याकडे आले.

बॉनेट उघडलं, एसी लावला, एक पंखा फिरतोय दुसरा नाही. मेकॅनिकने वायर तपासली, करंट येतोय, मोटरच गेलेली. थर्मामीटर चालत्या गाडीत १७ दाखवत होता, थांबल्यावर २६. लो साइड १५ च्या खाली जाऊन क्लच सुटत होता, तीच ती टक टक. डिटेक्टर ड्रेनपाशी धरला, काही नाही, मी तोपर्यंत श्वासच घेतला नव्हता. मग नायट्रोजन, साबण, आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे. तिथे तेलाचा काळा डाग आधीपासून होता, मला पहिल्या दिवशी दिसलाही असता पण काय बघतेय तेच कळलं नसतं. तेल बोटावर घेऊन दाखवलं, स्वच्छ होतं. मेकॅनिक म्हणाला, पंखा बंद असल्यामुळे सिग्नलला प्रेशर वर जात राहिलं असेल आणि कमजोर जागा तिथे सुटली असेल.

कंडेन्सर, ड्रायर, पंख्याची मोटर, ओ-रिंग, गॅस, मजुरी मिळून साडेबारा हजार सांगितले. काकांनी हे सगळं समोर बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांना त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यानेच "गॅस" सांगितलं होतं. मी २ लाख ५० म्हटलं, ते २ लाख ५५ वर थांबले. आज टोकन दिलं. सीटबेल्ट ओढून बघितले, स्वच्छ. चलान दोन निघाली, त्यांनी तिथेच मोबाइलवरून भरली.

आता काम करून घेताना काय बघू?

नेरूळ_सेक्टर_वीस

वाचून खूप बरं वाटलं ताई. मनापासून.

कूलिंगवाला_चेंबूर

चांगलं केलंत. कॉम्प्रेसर आणि कॉइल वाचली म्हणजे मोठा खर्च वाचला.

काम करताना समोर थांबा. सगळं बसवल्यावर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे. आत राहिलेली हवा आणि ओल त्यानेच निघते, आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा पंधरा-वीस मिनिटं जागच्या जागी राहिला तर समजायचं लीक नाही. घाईत पाच मिनिटांत उरकतात, ते चालू देऊ नका. ड्रायर त्याच दिवशी बसवा, आधीपासून उघडा ठेवलेला नको, तो हवेतली ओल पिऊन बसतो. नवीन कंडेन्सर लावला की थोडं तेल वरून टाकावं लागतं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. गॅस वजनावर भरायला सांगा. बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाडीला बहुतेक वेळा चारशे-पाचशेच्या घरात. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडू दे. जुने पार्ट मागून घ्या.

भांडुपची_लेक

लिहून घेतलं सगळं. एक राहिलं, परळहून निघताना गाडी उन्हात तापलेली असते, बाबांना बसवायच्या आधी किती वेळ एसी लावून ठेवू?

कूलिंगवाला_चेंबूर

नुसता लावून ठेवू नका. आधी चारही दारं मिनिटभर उघडी, कोंडलेली गरम हवा जाऊ दे. मग एसी फुल, खिडक्या थोड्या खाली, बाहेरची हवा आत यायचं बटण चालू. दोन मिनिटांनी खिडक्या बंद आणि आतली हवा आत फिरवायचं बटण. चार-पाच मिनिटांत बसण्यासारखी होते. पार्किंगमध्ये भिंतीला नाक लावून उभी करू नका, कंडेन्सरला हवा मिळत नाही. बाबांना मागे डावीकडे बसवत असाल तर पुढची सीट थोडी पुढे घ्या म्हणजे मधल्या जाळीची हवा मागे पोचते, थेट अंगावर मात्र नको. आणि घर जवळ आलं की भांडुप स्टेशनपासून एसीचं बटण बंद, ब्लोअर तसाच चालू ठेवा. कॉइल सुकते, पावसाळ्यात कुबट वास येत नाही.